कळा सुरू होण्याआधी काय ठरवायचं: वाढलेलं बीपी, आधीचं सिझर आणि पुढचं बाळंतपण

"सिस्टर, नॉर्मल होईल ना?" सातारा जिल्ह्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात मी लेबर रूमला असते, तिथे हा प्रश्न दर पाळीत कानावर पडतो. विचारणारी बहुतेक वेळा आई नाहीतर सासू असते, आणि तोवर पोरीला कळा सुरू झालेल्या असतात. त्या वेळी ठरवण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून ज्यांना आत्ता पाचवा, सहावा, सातवा महिना चालू आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे, कारण आमच्याकडून मोठ्या दवाखान्यात पाठवाव्या लागणाऱ्या पुष्कळ बायका या दोनपैकी एका कारणाने जातात: एक वाढलेलं बीपी, दुसरं आधीचं सिझर.

बीपी: आकडा नीट घ्या, नीट लिहा

पाच महिने उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि काही तासांनी पुन्हा मोजल्यावरही तिथेच राहिलं, तर ते वाढलेलं बीपी. लघवीत प्रथिनंही जायला लागली की आजार नुसत्या बीपीचा राहत नाही. किडनी, लिव्हर, मेंदू, बाळाला रक्त पुरवणारी वार, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. १६०/११० म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. "उद्या मिस्टरांना सुट्टी आहे, तेव्हा येतो" असं यात चालत नाही.

आता मोजायचं कसं, हे जरा सविस्तर सांगते, कारण चुकीच्या आकड्यावर घर घाबरतं आणि कधी चुकीच्याच आकड्यावर घर निर्धास्त राहतं. जिना चढून आल्या आल्या मोजू नका. आधी लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा ठेवा, स्वेटरवरून किंवा ब्लाउजच्या घट्ट बाहीवरून पट्टा बांधू नका. हात टेबलावर, छातीच्या पातळीत ठेवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्याने बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोजताना बोलायचं नाही. घरी मशीन असेल तर ते एकदा दवाखान्यात घेऊन या, आमच्या मशीनशी ताडून बघता येतं. आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, दोन्ही आकडे वहीत लिहा. "बरं होतं, एकशे चाळीसच्या आसपास होतं" यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. चार दिवसांचे लिहिलेले आकडे समोर असले की गोळी वाढवायची की ॲडमिट करायचं हे लगेच कळतं.

सुजेचं सांगते. पायांना सूज बऱ्याच गरोदर बायकांना येते, संध्याकाळी वाढते, रात्री झोपून उठलं की उतरते. तिला मी घाबरत नाही. तोंडावर आणि हातांवर सूज आली की मात्र मी लगेच बीपीचा पट्टा काढते. एक मुलगी आमच्याकडे नुसत्या तपासणीला आली होती. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा हातात होता आणि आठवड्याभरात तो मनगटात असा रुतला होता की खाली पांढरा वळ उठला होता. तिला दुसरा काहीच त्रास वाटत नव्हता. बीपी १५०/१०० निघालं, लघवीची पट्टी हिरवी झाली, म्हणजे प्रथिनं जात होती. बांगड्या, अंगठी, जोडवी अचानक घट्ट व्हायला लागली किंवा एका आठवड्यात वजन किलो-दोन किलोने वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

याहून मोठी लक्षणं अशी: क्रोसिन घेऊनही न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं किंवा अंधुक दिसणं, छातीच्या खाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप लागणं, लघवी कमी होणं. त्या बरगडीखालच्या दुखण्याला घरोघरी "पित्त झालंय" म्हणतात आणि मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणतात. बीपी असलेल्या बाईच्या बाबतीत ते लिव्हरचं दुखणं असू शकतं. गोळी आणायला जाणाऱ्या माणसाने तिला सोबत घेऊन दवाखानाच गाठावा.

झटके आले तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तिला डाव्या कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हात-पाय दाबून धरू नका. कांदा हुंगवू नका, चप्पल हुंगवू नका, त्यात जाणारी मिनिटं तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेततात. १०८ ला फोन लावा, "गरोदर आहे, झटके आलेत" असं स्पष्ट सांगा. जवळच्या आरोग्य केंद्रात दोन्ही बाजूंना कमरेत मॅग्नेशियमची दोन मोठी इंजेक्शनं देतात आणि मग पुढे पाठवतात. ती खूप दुखतात आणि नातेवाईक आमच्यावर रागावतात. पण पुढचा झटका थांबवणारं याहून चांगलं औषध नाही, म्हणून ती देऊ द्या.

गोळ्यांविषयी. गरोदरपणात बीपीसाठी साधारण लॅबेटालॉल, निफेडिपीन किंवा मिथाइलडोपा देतात. आधीपासून बीपीचा त्रास असेल आणि तुम्ही टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी काही घेत असाल, तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, या गोळ्या बाळाला अपाय करतात. बीपी उतरलं म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही, ते गोळीमुळेच उतरलेलं असतं. आणि सुनेला अळणी जेवायला घालू नका. लोणचं-पापड कमी ठीक, पण भाजी-आमटीतलं मीठ तोडून हा आजार बरा होत नाही, उलट तिचं जेवण तुटतं. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्या डब्यात ठेवायच्या नसतात. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकाच वेळी मात्र घेऊ नका.

बाळंतपण कधी आणि कसं

या आजारातून सुटका बाळंतपणानेच होते, गोळ्या फक्त वेळ मिळवून देतात. त्यामुळे डॉक्टर "आता बाळंतपण करून घेऊ" म्हणतात तेव्हा ते घाई करत नसतात. बीपी आटोक्यात असेल तर साधारण ३७ आठवडे पुरे होईपर्यंत थांबतात. आजार तीव्र असेल तर ३४ आठवड्यांपुढे शक्यतो थांबत नाहीत, आणि आईच्या जिवाला धोका असेल तर त्याआधीही निर्णय घ्यावा लागतो.

इथे एक अडसर हमखास येतो. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, तेव्हा नववा लागू द्या." हे मी शिकल्या-सवरल्या घरांतूनही ऐकते. खरं उलटं आहे. बाळ पोटात जितके दिवस नीट वाढतं तितकी त्याची फुप्फुसं तयार होतात, त्यामुळे आठव्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा जगण्याची संधी जास्त असते. लवकर बाळंतपण करायची वेळ आली तर फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, म्हणूनच वेळेत ॲडमिट होणं महत्त्वाचं. आणि अशा बाळासाठी नवजात शिशू कक्ष असलेला दवाखाना लागतो, साधारणपणे जिल्हा रुग्णालय किंवा मोठा खासगी दवाखाना. अमावस्या उलटायची वाट बघत घरी बसलेल्या बाईचं बीपी तिथी बघून थांबत नाही, हे मी अगदी हात जोडून सांगते.

बीपी आहे म्हणजे सिझरच, असंही नाही. बाळ डोक्याकडून असेल, ठोके चांगले असतील, तर कळा आणवून नॉर्मल बाळंतपण करता येतं. पिशवीचं तोंड मऊ करायला जेल किंवा गोळी वापरतात, कधी छोटा फुगा बसवतात, मग कळांचं सलाईन लावतात. पहिलटकरणीला यात एक-दोन दिवस जाऊ शकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी "अजून काहीच कसं होईना" म्हणून घरच्यांचा धीर सुटतो. आधीच विचारून ठेवा: किती वेळ वाट बघणार, कशावरून थांबायचं ठरवणार, नाही झालं तर सिझर इथेच होईल की हलवावं लागेल.

आधी सिझर झालं असेल तर

पहिली गोष्ट, आधीच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोधा. माळ्यावर असेल, माहेरी असेल, हरवलं असेल तर त्या दवाखान्यातून नक्कल आणा, आणि हे सातव्या महिन्याच्या आत करा. पोटावरची खूण आडवी आहे म्हणून आतली पिशवीसुद्धा आडवीच कापली होती असं समजता येत नाही, ते कार्डावरच कळतं. पिशवीवर उभा छेद असेल तर पुन्हा सिझरच करायचं असतं, कळा येऊ द्यायच्या नसतात. आडवा छेद असेल तर पुढचा प्रश्न: सिझर का केलं होतं? बाळ पायाळू होतं, ठोके कमी झाले, अशी कारणं दर वेळी येतीलच असं नाही. सिझरआधी किंवा नंतर एकदा नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर पुन्हा नॉर्मल होण्याची शक्यता खूपच चांगली.

सरळ आकडे सांगते. आधी एक सिझर झालेल्या आणि नॉर्मलसाठी योग्य ठरलेल्या बायकांपैकी साधारण चारातल्या तिघींचं नॉर्मल होतं. जुनी टाक्याची जागा कळांमध्ये उसवण्याचा धोका दोनशेत एकीला असतो. दोनशेत एक ऐकायला थोडं वाटतं, पण ते घडलं तर मिनिटांत ऑपरेशन करावं लागतं. म्हणून हा प्रयत्न कुठे करायचा, यावर सगळं अवलंबून आहे. रात्रीसुद्धा भूलतज्ज्ञ हजर असतात का, रक्त हाताशी आहे का, कळांमध्ये बाळाचे ठोके सतत बघायची सोय आहे का, हे तीन प्रश्न विचारा. एकाचं जरी उत्तर "नाही" असेल तर ती जागा या बाळंतपणासाठी नाही, मग डॉक्टर कितीही चांगले असोत. आमच्या ग्रामीण रुग्णालयातून आम्ही अशा बायकांना आधीच पुढची चिठ्ठी देतो, कारण आमच्याकडे रक्तपेढी नाही.

दोन बाळंतपणांत अंतर दीड वर्षाहून कमी असेल तर उसवण्याचा धोका वाढतो. दोन सिझर झालेली असतील तर आपल्याकडे बहुतेक डॉक्टर तिसरंही सिझरच सुचवतात. दुसरं सिझर ठरवून करायचं असेल आणि बाकी काही त्रास नसेल तर ३९ आठवडे झाल्यावर करतात. मुहूर्तासाठी ते आठ-दहा दिवस अलीकडे ओढायला सांगू नका, तेवढ्यानेही बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. ठरवून केलेल्या सिझरमध्ये टाका उसवायची भीती जवळजवळ राहत नाही, तारीख माहीत असते, घराची सोय लावता येते. पण दर सिझरबरोबर पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो, आणि तेव्हा होणारा रक्तस्राव फार मोठा असतो. तुम्हाला अजून मुलं हवी आहेत का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण त्यावरून सल्ला बदलतो.

आधी सिझर झालेलीने कळा घरी काढत बसायचं नाही. पहिली कळ ओळखली की निघायचं. दोन कळांच्या मधेही टाक्याच्या जागी दुखत राहणं, अंगावरून लाल रक्त जाणं, येणाऱ्या कळा अचानक थांबणं, ही लक्षणं ओरडून सांगायची आहेत. आणि खेड्यापाड्यांत अजूनही कुणी कळा वाढवायचं इंजेक्शन घरी टोचत असेल, तर ते कुणालाच घेऊ देऊ नका, सिझर झालेलीला तर नाहीच नाही.

बाकी थोडक्यात

साखर: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी तपासतात, १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. यासाठी उपाशी यायची गरज नसते. रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन साधारण २८ आठवड्यांना, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. वार खाली आहे असं पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आलं तर रडू नका, पिशवी वाढते तशी ती बहुतेक वेळा वर सरकते, पण ३२ आठवड्यांच्या सुमाराला पुन्हा सोनोग्राफी करायचीच. न दुखता रक्त गेलं तर मात्र ताबडतोब ॲडमिट, आणि सोनोग्राफी बघितल्याशिवाय कुणाला आतून तपासू देऊ नका. बाळ पायाळू असेल तर ३६-३७ आठवड्यांना पोटावरून हाताने वळवता येतं का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, पण जुना टाका किंवा बीपी असेल तर तसं आवर्जून सांगा.

बाळाची हालचाल रोज बघा. जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा, दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. कमी वाटल्या तर "झोपलं असेल" म्हणून रात्र काढू नका.

माहेरी जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्यात ओटी भरली की मुलगी जाते, आणि तिची फाइल सासरच्या कपाटात राहते. फाइल तिच्याबरोबर जाऊ द्या: माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगट, बीपीची वही, जुनं डिस्चार्ज कार्ड, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या दवाखान्यात एकदा दाखवून घ्या आणि आशाताईला भेटा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तो दिवस धरा.

ऊसतोडीला येणाऱ्या बायकांची मला फार काळजी वाटते. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या आमच्या भागात उतरतात, कार्ड गावाकडे राहतं आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असलेल्या बाईचं बीपी महिनोन् महिने कुणी मोजलेलं नसतं. मुकादम, कारखान्याची माणसं, शेतमालक, ज्यांच्या वाचनात हे येईल त्यांनी टोळीत कुणी पोटुशी आहे का एवढं विचारावं आणि जवळच्या उपकेंद्राला कळवावं. कार्ड नसलं तरी आम्ही नवीन करून देतो. तपासणीला पैसे लागत नाहीत.

पैशाचं बोलणंही आधीच करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो वा सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून दवाखान्यात आणि परत घरी सोडणारी गाडी, सगळं मोफत आहे. गाडीसाठी १०२, जिवावरचं काही असेल तर १०८. दोन्ही नंबर भिंतीवर लिहा. गाडी मिळालीच नाही तर गावातली कुणाची जीप रात्री निघेल, आणि रक्त द्यायला कोणती दोन माणसं येतील, हेही ठरवून ठेवा.

लेबर रूममध्ये आईला, बहिणीला, मावशीला सोबत बसू द्यावं असं केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांना कळवलेलं आहे. आधी विचारा, म्हणजे ऐन वेळी दारात वाद होत नाही. सोबतीण ज्येष्ठ असण्यापेक्षा धीराची असावी. कळांमध्ये चालायचं, बसायचं, कुशीवर व्हायचं असेल तर सांगा. खालचा छेद प्रत्येकीला घ्यायची गरज नसते, तेही विचारता येतं. पाठीतल्या इंजेक्शनने कळा सुसह्य करायची सोय शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत मिळते, आमच्यासारख्या ठिकाणी नाही.

बाळंतपण झाल्यावर

बाळ झालं की सगळे बाळाकडे वळतात, आणि बीपीवाल्या बाईच्या बाबतीत माझी काळजी तिथेच संपत नाही. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा वर जातं, तेव्हा ती घरी शेक-शेगडीत असते. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. म्हणून पहिल्या आठवड्यात बीपी मोजायलाच हवं, आणि डोकं दुखलं तर "गार वारा लागला" म्हणून कान बांधून झोपवू नका. तासाभरात पूर्ण पॅड भिजत असेल, ताप असेल, एकाच पायाची पोटरी दुखून सुजली असेल, तरी लगेच दवाखाना. बीपीच्या गोळ्या चालू असताना बाळाला पाजता येतं, गोळी अंगावर पिणाऱ्या बाळाला चालणारी आहे ना एवढं डॉक्टरांना विचारून घ्या. सहा आठवड्यांनी बीपी आणि लघवी पुन्हा तपासा, आणि त्यापुढे वर्षातून एकदा बीपी बघत राहा, कारण या बायकांना पुढे बीपीचा आणि हृदयाचा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

पाळणा लांबवायचं साधन घरी जायच्या आधीच ठरवा. तांबी सिझरच्या वेळीही बसवता येते. आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत "मागच्या वेळी बीपी वाढलं होतं" हे सांगा. तिसरा महिना संपता संपता ॲस्पिरिनची कमी ताकदीची गोळी सुरू केली तर हा आजार पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. सहाव्या महिन्यात सांगितलंत तर ती वेळ निघून गेलेली असते.